साडूंचा पांढरा उजेड

जगातली कुठलीही वस्तू नीट चालू असणं, हा आमचे साडू स्वतःचा अपमान समजतात. बंद पडलेल्या वस्तूवर त्यांचा राग नसतो, ती बिचारी शरण आलेली असते. पण एखादा पंखा कुरकुर न करता फिरतोय, एखादा नळ न गळता उभा आहे, असं दिसलं की साडूंचा जीव कासावीस होतो. ते त्या पंख्याखाली मान वर करून उभे राहतात आणि म्हणतात, "चालतोय हो, पण कसा चालतोय ते बघा की राव." एवढं बोलून होईपर्यंत त्यांच्या खिशातला छोटा स्क्रूड्रायव्हर बाहेर आलेला असतो. लग्नाकार्यातसुद्धा हा स्क्रूड्रायव्हर ते सदऱ्याच्या खिशाला पेनासारखा लावून जातात. एकदा आहेर लिहून घेणाऱ्या गृहस्थाने तो पेन समजून मागून घेतला आणि चांगलं अर्धं मिनिट वहीवर घासला. साडूंनी परत घेताना त्याचं टोक तपासलं आणि मान हलवली. त्या गृहस्थाचा दाब त्यांना पसंत पडला नव्हता.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही राहतो पिंपळे सौदागरला आणि ते आकुर्डीला. हे अंतर थोडं जास्त असतं तर माझ्या घरातल्या बऱ्याच वस्तू आज हयात असत्या. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते क्वालिटी खात्यात आहेत. दिवसभर भाग तपासायचे, चांगल्याला हिरवं स्टिकर लावायचं, वाईटाला लाल. ही चांगली नोकरी आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच, की शिफ्ट संपल्यावर माणसाने ती स्टिकरं कंपनीत ठेवून यावं. यांच्या स्वयंपाकघरात फरशीवर पिवळ्या पट्ट्या मारलेल्या आहेत. सिलिंडर कुठे, कचऱ्याची बादली कुठे, पाहुण्यांच्या चपला कुठे, सगळं चौकटीत. एकदा मी चुकून बादलीच्या चौकटीत उभा राहून चहा घेत होतो, तर साडूंनी मला खांद्याला धरून अलगद बाजूला केलं. वर म्हणाले, "तसं काही नाही हो. पण सवय लागते."

त्यांच्या कंपनीत असं शिकवतात म्हणे, की काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मुळाशी जाता येतं. ही विद्या ते जेवणाच्या पानावर वापरतात. आमच्याकडे एकदा पुऱ्या फुगल्या नाहीत. तशा आमच्याकडे त्या अधूनमधून फुगत नाहीत, आणि आम्ही त्या मुकाट्याने खातो. साडूंनी विचारलं, का? बायको म्हणाली, तेल कमी तापलं. का? गॅस बारीक होता. का? असे ते एकेक पायरी उतरत गिरणीवाल्याच्या जात्यापर्यंत पोचले आणि म्हणाले, "बघा, दोष तुमचा नाही, जात्याचा आहे." त्यांना वाटलं, आपण मेहुणीची इभ्रत राखली. बायको म्हणाली, "भाऊजी, आता माझं एक का. तुम्ही अजून पानावर का बसलाय?"

या माणसाच्या हाती बॅटरी कशी लागली, हे मला ठाऊक नाही. बॅटरी म्हणजे हातातली, खिशात मावणारी, बटण दाबलं की पेटणारी. करोनानंतर कधीतरी त्यांनी सोल्डरिंगची गन आणली आणि गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या जागेत टेबल मांडलं. तेव्हापासून त्यांच्या घरच्या टॉवेलांना राळेचा वास येतो. बॅटरीचं तोंड फिरवून काढायचं, काच काढायची, आतला चकचकीत वाडगा काढायचा, मग तळाशी नाण्याएवढी चकती दिसते आणि तिच्यावर तांदळाएवढा एलईडी बसलेला असतो. त्याच्या दोन तारा गरम करून सोडवायच्या आणि जागी नवा, जास्त उजेडाचा एलईडी डाख देऊन बसवायचा. सांगायला एवढंच. पण साडू हे सांगायला लागले की आपला रविवार संपतो. चकती सगळी उष्णता कशी पिऊन टाकते, डाख कसा चकाकला पाहिजे, मळकट दिसला की तो कच्चा कसा समजायचा, हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता मला झोपेतून उठवून बसवलं तरी मी एखादा बिघडवू शकेन.

साडूंचं या कामातलं तत्त्व एकच, उजेड जास्त म्हणजे बॅटरी चांगली. ते मोजायला त्यांच्या मोबाइलमध्ये काहीतरी आहे. बॅटरी भिंतीवर मारायची, मोबाइल पुढे धरायचा, आकडा मोठा आला की साडू खूश. आमच्या सोसायटीच्या वॉचमनची बॅटरी त्यांनी अशीच खूश होऊन दुरुस्त केली. खरं तर ती बिघडलेली नव्हतीच. नव्या एलईडीने ती इतकी तापायची की तो बिचारा महिनाभर ती रुमालात धरून हिंडत होता. शेवटी त्याने ती गेटवरच्या खुर्चीखाली ठेवली आणि मोबाइलच्या उजेडावर राखण सुरू केली. तळेगावला एका नातेवाइकांच्या हळदीत लाइट गेली. अख्ख्या मांडवात एकच बॅटरी चालू होती, नवरीच्या मामांच्या हातात. साडूंनी ती "जरा बघू" म्हणून घेतली आणि उघडली. त्यानंतर मांडवात जो काळोख झाला, त्यात कुणी कुणाला हळद लावली हे त्या घराण्यात अजून ठरलेलं नाही.

यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "कम्प्लेंट आली का? नाही ना? मग झालं." कम्प्लेंट येत नाही, हे अगदी खरं. वॉचमन तक्रार करत नाही, कारण तक्रार केली तर साडू पुन्हा येतील. मामा तक्रार करत नाहीत, कारण ते मुलीकडचे. मी करत नाही, कारण माझी बायको त्यांच्या बायकोची बहीण आहे. एवढ्या पुण्याईवर हा माणूस क्वालिटीचा झेंडा मिरवत होता आणि आम्ही सगळे त्याला वाट करून देत होतो.

मग धोंड्याचा महिना आला. आमच्या सासूबाई चाकणच्या पलीकडच्या एका गावात एकट्या राहतात. सासरे जाऊन काही वर्षं झाली. त्यांना दोन्ही मुलीच. गावाच्या तीन अंगांना कंपन्यांच्या शेड उभ्या राहिल्या आहेत, आभाळ कायम उजळलेलं असतं. पण घर आणि गोठा यांच्या मधलं अंगण शेजारच्या दुमजली इमारतीमागे येतं आणि तिथे दिवेलागणीलाच मिट्ट काळोख होतो. गोठ्यात एक गाय. त्या गाईपायी सासूबाई कुठल्याच मुलीकडे दोन दिवसांवर राहत नाहीत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं "सुगी झाल्यावं बगू" म्हणून पुढे ढकललेलं. आणि हातात सासऱ्यांची एक छोटी बॅटरी, पिवळसर उजेडाची, दोरा बांधून गळ्यात अडकवलेली. धोंड्याला आम्ही दोघे जावई पाटावर बसलो, पुरणाचे धोंडे खाल्ले, अनारसे घेतले, दिव्याचं वाण घेतलं. सासूबाई आमच्यासमोर पदर सावरून भिंतीलगत उभ्या. जावई म्हणजे त्यांच्या लेखी विष्णू. विष्णूने आमटीत मीठ जास्त म्हटलं तर आमटी वाईट आणि कमी म्हटलं तरी आमटीच वाईट. त्यात ती बॅटरी मिणमिण करायला लागली. मला ते दिसलं आणि मी घाईने पानाकडे बघितलं. पण साडूंनाही दिसलं होतं.

पुढच्या रविवारी आम्ही गावी पोचलो, तर दुरुस्तीला नेलेली बॅटरी घेऊन ते आधीच हजर. दोरा काढून टाकलेला, कारण तो 'मूळ डिझाइनमध्ये नाही'. उजेड असा पांढराफटक, की गोठ्यावर मारला तर गाय उठून उभी राहिली. साडूंनी मोबाइलवर आकडा दाखवला. सासूबाईंनी तो दोन्ही हात जोडल्यासारखे करून बघितला आणि म्हणाल्या, "झ्याक झालीया, पाव्हणं. दिस उगवल्यावानी उजेड पडतोय." साडूंनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात वॉचमन, मामा आणि मी, तिघांना उत्तर होतं.

त्यानंतर काही दिवसांतच सासूबाई ओट्याच्या पायरीवरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण पाय सुजला, कपाळाला खोक पडली. दोघी बहिणी रडल्या, भांडल्या आणि एकमेकींचं ऐकून न घेता एकाच निर्णयाला आल्या. आईला आता एकटं ठेवायचं नाही. तिने आकुर्डीला राहायचं, गाय विकायची, घराला कुलूप. सासूबाई नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "आन गाय कुणाला देनार?" ताई, म्हणजे साडूंच्या बायको, म्हणाल्या, व्यापारी बघितलाय, सोमवारी येतोय. त्यावर सासूबाई "बरं" म्हणाल्या आणि सुजल्या पायाने चुलीकडे गेल्या. कशा पडलात, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "माजी चप्पल निसटली वो, दुसरं काय न्हाई." तो 'बरं' मला काही दिवस झोंबत राहिला.

व्यापारी यायच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे सामान बांधायला गावी गेलो. मला बांधाबांधीतून सूट होती, कारण मी बांधलेली गाठ सुटते. मी ओट्यावर बसलो होतो. दिवेलागणीला सासूबाई गाईकडे निघाल्या. पायरीशी आल्यावर त्यांनी बॅटरी लावली, आणि लावल्याबरोबर तिच्यावर पदराचा दुहेरी घोळ ओढला. त्यातून जेमतेम झिरपणाऱ्या उजेडात, एक पाय पुढे चाचपत, त्या खाली उतरल्या. उघड्या बॅटरीचा तो पांढरा लोट त्यांच्या डोळ्यांना सोसतच नव्हता. अर्धवट पिकलेल्या मोतीबिंदूवर तो नुसता फुटत असणार, आणि मग पायरी कसली आणि अंगण कसलं. पडल्या त्या वेळी पदर घ्यायला त्या विसरल्या असतील, किंवा जावयाची बॅटरी झाकायची कशी म्हणून ओशाळल्या असतील.

साडू आतून दोरी गुंडाळत बाहेर आले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "साडूभाऊ, एक कम्प्लेंट आलीय. तुमचं गिऱ्हाईक तुमचा माल पदराखाली झाकून वापरतंय." आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं, चवीने सांगितलं. मला वाटलं, आता मोबाइल निघणार, आकडा निघणार, पाच 'का' सुरू होणार आणि शेवटी दोष ओट्याच्या गवंड्यावर जाणार. साडू दोरी हातात तशीच धरून ओट्याच्या कडेला बसले. त्यांचा चेहरा इतका पडला की माझी चव गेली.

सासूबाई परत आल्या तशी ते उठले. "आई, बॅटरीचा त्रास होतो का?"

"न्हाई वो, पाव्हणं. झ्याक हाय की."

"डोळ्यावर येतं ना? खरं सांगा."

"तुमी येवढी खटपट केली. झ्याक हाय."

"आई, तुम्ही तिच्यामुळं पडलात का?"

"चप्पल निसटली," सासूबाई म्हणाल्या आणि दाराच्या चौकटीकडे बघू लागल्या.

साडू गाडीतून आपली पिशवी घेऊन आले. ती त्यांच्यासोबत असतेच, काही माणसांसोबत पानाचा डबा असतो तशी. माजघरात स्टुलावर गन तापत ठेवली. पिवळ्या उजेडाचे एलईडी त्यांच्याकडे होते, पण लाल स्टिकरच्या डबीत, म्हणजे नापासांत, कारण मोबाइलवर त्यांचा आकडा छोटा यायचा. साडूंनी ती डबी उघडली. पांढरा काढला, पिवळा बसवला, बॅटरी सासूबाईंच्या हातात दिली. "हा कसा आहे?" "झ्याक." दुसरा बसवला. "आणि हा?" "ह्यो बी झ्याक." साडूंनी मग जुना पांढराच परत लावून दिला. "लई झ्याक," सासूबाई म्हणाल्या. बायकोने तोंडाला पदर लावला. जन्मभर कुणी तक्रार करत नाही म्हणून छाती फुगवणारा हा माणूस आता एका तक्रारीसाठी सासूच्या पायाशी बसला होता आणि ती माउली द्यायला तयार नव्हती. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

थोडा वेळ साडू स्वतःशीच डाख बघत बसले. मग हळू आवाजात मला म्हणाले, "राव, यांना विचारून उपयोग नाही. तोंडाला जावयाचा मान आडवा येतो. पायाला येणार नाही." उठून त्यांनी घरातला आणि ओट्यावरचा दिवा घालवला आणि सासूबाईंना म्हणाले, "आई, मला गोठ्यातलं दावं आणून देता का?"

जावयाने सासूला कामाला लावलं! आणि तेही पाय सुजलेल्या सासूला, काळोखात. ताईंनी "अहो!" म्हणून आवाज चढवला. साडूंनी हातानेच त्यांना थांबवलं. सासूबाई गेल्या. बॅटरीत पांढराच एलईडी होता. हात आपोआप पदराकडे गेला, जावई बघतायत म्हणून मागे आला, पायरीशी पाऊल हवेतच थांबलं. साडू पायरीखालीच हात पुढे करून उभे होते. त्यांनी सासूबाईंना तिथूनच परत फिरवलं, बॅटरी घेतली आणि आत जाऊन मोबाइलच्या उजेडात पिवळा बसवला. पुन्हा, "आई, दावं राहिलं." या खेपेला सासूबाई पायरी उतरल्या, पण अंगणाच्या मध्यावर घुटमळल्या. त्या पिवळ्याचा उजेड फार पसरत होता, खाली जमिनीला पुरत नव्हता. पुन्हा बोलावणं, पुन्हा गन, पुन्हा राळेचा धूर. आम्ही तिघं काळोखात भिंतीला टेकून उभे होतो. त्या तांदळाएवढ्या वस्तूवर आता ती गाय, ते घर आणि एका बाईचं उरलेलं राहणं टांगलेलं आहे, हे सगळ्यांना कळलं होतं. मला वाटतं, सासूबाईंना सगळ्यात आधी कळलं होतं.

पुढच्या एलईडीला त्या निघाल्या आणि पायरी कुठे आली हे मला समजलंच नाही, कारण त्या तिथे थांबल्याच नाहीत. पावलं सरळ अंगणातून गेली. गोठ्याच्या दारात तो पिवळा ठिपका जरासा हलला आणि आत गेला. आम्ही वाट बघू लागलो. दावं काही येईना. मग आतून गव्हाणीत गवत टाकल्याचा आवाज आला, बादली सरकल्याचा आला, आणि पाठोपाठ सासूबाईंचा आवाज, "सरक की गं, भवाने. पायावर पाय देती व्हय?" जावई उभे आहेत, दावं न्यायचंय, पाय सुजलाय, यातलं काही म्हणजे काही त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. ताई रडायला लागल्या. बायकोने व्यापाऱ्याला फोन लावला आणि येऊ नका म्हणून सांगितलं. कुणी कुणाला विचारलं नाही.

आणि मग त्या परत आल्या. हातात दावं नव्हतंच. ओट्यावर चढून त्यांनी बॅटरी साडूंपुढे धरली, आणि आमच्या लग्नानंतर इतक्या वर्षांत जे कुणी ऐकलं नव्हतं ते आम्ही ऐकलं.

"पाव्हणं, ह्याचं बटान लई घट हाय. आंगठा दुकतोय माजा. आन माजा दोरा कुठं टाकला तुमी? येवढा चांगला दोरा व्हता. इचारायचं तरी."

एरवी यावर साडूंनी बटणाची स्प्रिंग किती दाबावी लागते यावर तासभर घेतला असता. ते नुसते म्हणाले, "चुकलं, आई. बघतो." आणि बॅटरी घेऊन आत गेले. दिवा लावल्यावर मी पाहिलं तर त्यांचे डोळे भरले होते. मी तो दोष राळेच्या धुराला दिला, आणि त्यांनीही तो राहू दिला.

सासूबाई गावीच आहेत. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन साडूंनीच रजा टाकून करून आणलं. आता त्यांच्या तक्रारींना खंड नाही. कडी लागत नाही, मिक्सर ओरडतो, पाव्हणं तुमी मागल्या खेपेला खिळा वाकडा मारला, गोठ्याचं दार तुमच्यामुळं घासतंय. दर रविवारी फोन येतो, साडू तो स्पीकरवर ठेवून सगळ्यांना ऐकवतात आणि पिशवी भरून निघतात. जाताना चेहरा असा, की जणू मुलगा पहिला आला. आकुर्डीहून चाकणपर्यंतच्या त्या ट्रकांच्या रांगेतसुद्धा तो उतरत नाही म्हणतात. मीही परवा सासूबाईंकडे गेलो होतो. ओट्यावरची ट्यूब बदलून दिली. ती वाकडी बसली, लुकलुकत होती, मला दिसत होतं. मी विचारलं, बरोबर आहे का? सासूबाई पदर सावरून भिंतीलगत उभ्या होत्या. म्हणाल्या, "झ्याक हाय की, पाव्हणं."